बाबांची जुनी अकॉर्ड : लेदरच्या सीटा पापडासारख्या झाल्यात, मऊ होतील का?

तिसरं_गेट | ६ एप्रिल, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बाबांची २००५ ची होंडा अकॉर्ड आहे. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून गाडी काकांच्या खानापूर रोडवरच्या शेडमध्ये उभी. शेड म्हणजे वर पत्रा, तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूनं दुपारचं ऊन सरळ मागच्या काचेवर. परवा जुनं पेट्रोल काढलं, बॅटरी नवी घातली, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. इंजिनाबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते सीटांबद्दल. फिकट बदामी लेदर आहे. बसलं की कर्रर्र वाजतं. ड्रायव्हर सीटची उजवी कड, जिथून उतरताना मांडी घासते, तिथं भेगा पडल्यात. मागच्या सीटचा काचेखालचा भाग तर अंगठ्यानं दाबला तरी दबत नाही, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा परवडला. बसायचा मधला भाग त्यातल्या त्यात बरा.

"कव्हरं चढव आणि मोकळा हो" असं आतापर्यंत तिघांनी सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत या सीटांवर कव्हर चढू दिलं नाही, मला ते करायचं नाही. आहे तेच लेदर मऊ करायचंय. घरात डॅशबोर्डच्या पॉलिशचा स्प्रे पडलाय, उद्या मारून बघू का? की आधी दुसरं काही करायला हवं?

सदाशिवनगर_९१ | ६ एप्रिल, रात्री १०.४०

खोबरेल तेल. एवढा मोठा धागा काढायची गरजच नाही. रात्री भरपूर चोळा, सकाळी फडक्यानं पुसा. कोल्हापुरी चप्पल चावायला लागली की आपण काय करतो? तेच.

गोकाकचा_गडी | ६ एप्रिल, रात्री ११.०५

खोबरेल कशाला, आमच्याकडं करडईचं तेल घाण्यावरचं मिळतंय, पाठवून देतो डबाभर. उरलं तर भजी तळा.

निपाणीकर_आजोबा | ७ एप्रिल, सकाळी ६.३०

तिसरं गेट, थांबा. कशालाही हात लावू नका. मी या दोन्ही चुका केलेल्या आहेत, एक डिसेंबरात आणि एक सलग दोन वर्षं.

पहिली खोबरेलाची. आपल्याकडं एप्रिलात खोबरेल पाण्यासारखं असतं म्हणून लक्षात येत नाही, पण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात सकाळी गाडीचं दार उघडलं तर काळ्या सीटवर डालड्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर. शिवणीत तर बोटानं खरवडून काढावा लागला. आणि मुंग्या. सीटखाली मुंग्यांची रांग लागलेली मी निपाणीत पहिल्यांदाच बघितली. त्यांच्या मागोमाग उंदीर आला, तो वायरिंग खाऊन गेला. ती कथा वेगळी.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे. माझ्याकडं जुनी डब्ल्यू १२४ मर्सिडीज आहे. तिच्या सीटांना मी दोन वर्षं, दर महिन्याला, बाहेरून मागवलेलं महागडं लेदर कंडिशनर लावत होतो. सीटा तशाच. शेवटी एका जाणकारानं सीट उलटी करून दाखवली, तर खालून कापड. मर्सिडीजच्या त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांना एमबी-टेक्स नावाचं व्हिनाइल असायचं. ते इतकं टिकाऊ आणि लेदरासारखं दिसणारं की माझ्यासारखे फसतात. म्हणजे दोन वर्षं मी प्लॅस्टिकला मालिश करत होतो. घरात हा किस्सा अजून लग्नकार्यात सांगितला जातो.

तेव्हा आधी सीट खरंच लेदरची आहे का ते बघा. आणि अथणीच्या ताई इथं असतील तर त्यांना बोलवा, त्या या विषयातल्या आहेत.

अथणीची_लेक | ७ एप्रिल, दुपारी १.१५

आजोबा, आले. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला शिवतात आणि मी चेन्नईला लेदर टेक्नॉलॉजी शिकले, त्यामुळे या विषयावर दोन्हीकडून बोलू शकते. (अवांतर : नाव कोल्हापुरी असलं तरी २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्यात आपलं बेळगाव आहे. हे आम्हाला सारखं सांगावं लागतं.)

सदाशिवनगर, चपलेची तुलना बरोबर वाटते पण लागू होत नाही. चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं असतं. वर रंगाचा थर नसतो, उघडं कातडं असतं. तेल लावलं की ते पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि त्याच्यावर रंग आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. तुमचा हात लेदरला लागतच नाही, त्या थराला लागतो. तेल चोळायचं म्हणजे रंगवलेल्या दारावर तेल चोळून लाकडाला पाजल्यासारखं.

मग ते कडक का होतं? कातडं म्हणजे गुंतलेले तंतू. कमावून झालं की हे तंतू वाळताना एकमेकांना चिकटतात आणि फळी तयार होते. म्हणून कारखान्यात फिरत्या लाकडी पिपात कोमट पाण्यात फेटलेलं तेल त्याला पाजतात. ते आत जाऊन तंतूंना वंगण देतं. शिवाय नेहमीच्या हवेत लेदरमध्ये वजनाच्या साधारण १२ ते १४ टक्के पाणी असतं. तुमच्या काकांच्या शेडमध्ये चार उन्हाळे बंद काचांआड ते पाणी जात राहिलं, आतलं तेल जुनं होऊन सरकलं, आणि तंतू पुन्हा चिकटायला लागले.

यात दोन अवस्था असतात. नुसतं सुकलेलं लेदर बरंचसं परत येतं. उन्हानं भाजून आकसलेलं येत नाही, त्यातले तंतू कायमचे जुळलेले असतात.

आज एवढंच करा. सीटच्या खाली किंवा पाठीमागे जिथं कव्हरची कापलेली कड हाताला लागते तिथं बघा. आतली बाजू स्वेडसारखी केसाळ आणि कडेला राखाडी-निळसर दिसली तर क्रोमचं लेदर. सुती जाळी किंवा विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. प्रत्येक भाग वेगळा तपासा, कारण बऱ्याच गाड्यांत अंग टेकतं तेवढंच लेदर आणि बाकी जुळत्या रंगाचं व्हिनाइल असतं. मग जिथं लेदर निघेल तिथं बोट ओलं करून एक थेंब ठेवा. मोत्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत, दोन-तीन मिनिटांत गडद डाग पडला तर थर गेलेला.

डॅशबोर्डचा स्प्रे मारू नका. त्यातलं सिलिकॉन एकदा बसलं की पुढं भेगा भरायच्या म्हटलं तर रंग धरत नाही. आणि करडईचं तेल भज्यांनाच ठेवा. करडई आणि जवस ही हवेवर सुकून कडक होणारी तेलं. जवसाच्या तेलावर तर ऑइल पेंट चालतो. मऊ करायला जाल आणि वार्निश बसेल.

गोकाकचा_गडी | ७ एप्रिल, दुपारी १.३२

ताई, डबा परत घेतला.

सदाशिवनगर_९१ | ७ एप्रिल, दुपारी २.००

माझ्या स्विफ्टला तीन वर्षं खोबरेल लावतोय, काही झालं नाही.

निपाणीकर_आजोबा | ७ एप्रिल, दुपारी २.०४

स्विफ्टला लेदर कुठलं हो? आपण दोघं एकाच पंथाचे.

तिसरं_गेट | ८ एप्रिल, रात्री ९.२०

ताई, तपासलं. आधी खडे बाजारातल्या एका दुकानात गाडी दाखवायला नेली होती. त्यानं लांबूनच नजर टाकली, "गट्टी आगेद री, होसदे हाक्री" (कडक झालंय, नवंच घाला) असं कन्नडमध्ये म्हणाला आणि रेक्झिनच्या नमुन्यांची वही पुढं सरकवली. म्हटलं बरं, आणि घरी येऊन स्वतःच सीटखाली टॉर्च घेऊन आडवा झालो.

निकाल :

पुढच्या दोन्ही सीटा, बसायचा आणि पाठीचा भाग : केसाळ, कड निळसर-राखाडी. लेदर. त्याच सीटांच्या बाहेरच्या बाजू आणि पाठीमागचा खिसा : कापड. मागची सीट, बसायचा भाग : लेदर. मागच्या सीटचा काचेखालचा वरचा भाग : कापड!!

म्हणजे ज्या भागाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटत होती तो लेदर नव्हताच. सांगायला थोडं वाईट वाटतं, बाबा पाहुण्यांना नेहमी मागं बसवून "फुल लेदर आहे" म्हणायचे.

थेंब बसायच्या भागावर उभाच राहिला. फक्त ड्रायव्हरच्या उजव्या कडेला, भेगांमध्ये, लगेच आत गेला.

सीटखाली एक अडकित्ता, टोलच्या बऱ्याच पावत्या आणि कुंद्याच्या रिकाम्या खोक्याचं झाकण सापडलं. अडकित्ता आईनं ताब्यात घेतला.

अथणीची_लेक | ८ एप्रिल, रात्री १०.०५

निम्मं काम झालं. काचेखालच्या भागाचा नाद सोडा. तो पीव्हीसी आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या पाण्याच्या पाइपांसारखं. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळं, प्लॅस्टिसायझर म्हणतात त्याला. उन्हानं ते वर्षानुवर्षं बाहेर येतं. पावसाळ्यात जुन्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट, पुसलं तरी पसरणारा थर बसतो ना, त्यातलं काही तेच. गेलेलं परत घालता येत नाही. तेवढा तुकडा नवा शिवून घ्या.

लेदरच्या भागांबद्दल तुमची स्थिती चांगली आहे, आणि गंमत म्हणजे त्यामुळंच काम अवघड आहे. थर शाबूत म्हणजे वरून काही आत जाणार नाही. छिद्राछिद्राचं लेदर असेल तर छिद्रांतून आणि शिवणींतून थोडं जातं. खरं पाजायचं असेल तर मागून. म्हणजे कव्हर उतरवून, केसाळ बाजूनं. तिथं थर नसतो.

हे घरी करायचं की कुणाकडून, ते तुम्ही ठरवा. सीट उतरवायचं मला सांगता येणार नाही.

कुशनवाला_शहापूर | ९ एप्रिल, सकाळी ८.५०

ते मी सांगतो की ओ. आमचं कामच ते हाय. खडे बाजारचा कोण हाय ते मला विचारू नका, पण बगायच्या आधी वही काढणारे लई झालेत.

सीट काढायच्या आदी बॅटरीचा मायनस काढा आणि गाडी तशीच ठेवा, चहा पिऊन या. सीटखाली पिवळा कनेक्टर असला तर तो एअरबॅगचा. बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावायचा न्हाई, आणि कनेक्टर काढलेला असताना चावी फिरवायची न्हाई, न्हाईतर मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागून बसतोय आणि मग स्कॅनरवाल्याकडं पळा.

सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असलं तर त्या बाजूची शिवण उसवायची न्हाई म्हंजे न्हाईच. ती मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं घातलेली असतीय, पिशवी फुटून बाहेर यायला. आमच्यातले लोक "सुटलीय की" म्हणून नायलॉनच्या जाड दोऱ्यानं पक्की करून देत्यात. ते लई वाईट. सीट कव्हर बी म्हणूनच घालू नये असल्या सीटला, तुमचे बाबा बरोबर होते.

कव्हर तारेच्या कड्यांनी फोमात अडकवलेलं असतंय आणि खालून प्लॅस्टिकच्या वाकड्या पट्ट्या. कड्या कापा, परत नव्या बसवा. आता मुद्द्याचं. लेदरच्या पाठीला बोटभर पातळ फोम असतोय. नुसता कडेनं शिवलेला असला तर त्याच्या आत हात जातोय. पूर्ण चिकटवलेला असला तर मागून काय बी जाणार न्हाई, लेदर ओढून काढाल तर फाटंल. २००५ ची गाडी म्हंजे तो फोम पिवळ्या पिठासारखा झाला असणार, हात लावला की भुगा.

जमत नसंल तर घेऊन या. न्हाई जमलं तर तसं सांगीन, वही न्हाई काढणार.

चोर्ला_घाट | ९ एप्रिल, सकाळी ११.१०

मधेच विचारतो. आमच्याकडं कडकपणा नाही, उलटं. जांबोटीच्या पुढं घर आहे. जूनपासून सीटांवर पांढरी-हिरवी बुरशी येते, पुसली की आठवड्यात परत. मी मागच्या वर्षी मऊ राहावं म्हणून ग्लिसरीन लावलं होतं, त्याचा काही संबंध?

अथणीची_लेक | ९ एप्रिल, दुपारी १२.४५

चोर्ला, आहे की संबंध. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत ते चालून जाईल, जांबोटीच्या जुलैत तुम्ही बुरशीला अंथरूण घालून दिलंत. आधी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा (गाडीत झाडू नका, बीजं एसीत जातात). मग कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य बेबी शाम्पू, फडकं घट्ट पिळून पुसा, परत नुसत्या पाण्याच्या फडक्यानं पुसा, दारं उघडी ठेवून सावलीत वाळवा. आणि पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवसांनी अर्धा तास एसी लावून फिरवा. एसी हवा कोरडी करतो, उभ्या गाडीत ठेवलेल्या डांबरगोळ्या करत नाहीत.

धुण्याचा सोडा किंवा कपड्याची पावडर कुणीही वापरू नका. लेदर आम्लधर्मी असतं, सोड्यानं ते आणखी राठ होतं. आणि कोविडपासून हाताला सॅनिटायझर लावून लगेच सीट धरायची सवय लागलीय, त्यातल्या अल्कोहोलनं वरचा थर निघतो. पुष्कळ गाड्यांत दाराच्या बाजूचा भाग त्यामुळंच उडालेला दिसतो.

तिसरं_गेट | १९ एप्रिल, रात्री १०.३०

दहा दिवस गायब होतो कारण हात चिकट होते.

शहापूरला सीटा नेल्या. (काका, नाव लिहीत नाही पण चहा लई झाला.) ड्रायव्हरच्या बाजूला एअरबॅगचं लेबल निघालं, ती शिवण तशीच ठेवली. पाठचा फोम शिवलेलाच होता आणि काका म्हणाले तसा पीठ झालेला. झाडला तर अंगण हळद सांडल्यासारखं. तो टाकला, नवा घालायचं ठरलं, म्हणजे मागची बाजू आपोआप मोकळी झाली.

ताईंना फोटो पाठवून विचारल्याप्रमाणे : आधी पुढून स्वच्छ केलं. लेदर बदामी आहे असं मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते चुकीचं होतं. ते जवळजवळ साय रंगाचं आहे, बदामी तो मळ होता. पाच फडकी काळी झाली.

मग मागून. बाजारातलं लॅनोलिनवालं (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा पदार्थ) कंडिशनर, दुधासारखं पातळ, तेल आणि पाणी एकत्र असलेलं. त्याआधी मागची बाजू स्प्रेनं नुसती दमट केली, भिजवली नाही. मग स्पंजनं पातळ हात, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर. दुसऱ्या दिवशी सावलीत वाळत असताना दर तासाला येऊन चपात्यांच्या कणकेसारखं मळायचं. नुसतं तेल लावून ठेवलं तर वाळल्यावर परत कडकच होतं. मळलं की तंतू सुटतात. हे ताईंनी सांगितलं होतं, मला पहिल्या दिवशी पटलं नव्हतं, म्हणून एक तुकडा न मळता ठेवून बघितला. वाळल्यावर चटईसारखा. दुसऱ्या दिवशी परत दमट करून मळला तेव्हा आला.

एका सीटला एका वेळी चहाचा अर्धा कप पुरतो. चार वेळा केलं, मधे एकेक दिवस सोडून. दुसऱ्या वेळेनंतर काहीच फरक वाटेना, सोडून देणार होतो. तिसऱ्यानंतर हाताला एकदम लक्षात आलं.

आता गुन्हा कबूल करतो. तिसऱ्या दिवशी वळीव आला, वाळेना, मला घाई. बायकोचा हेअर ड्रायर घेतला. डाव्या सीटच्या पाठीच्या कडेला रुपयाएवढा भाग डोळ्यांदेखत आवळून आला, दुधावरची साय गोळा होते तसा. तो आता खडा झालाय. काही होईल का?

अथणीची_लेक | १९ एप्रिल, रात्री ११.००

नाही. तो गेला. बाभळी-हिरड्याचं ओलं कातडं साधारण ७५ ते ८५ अंशांना आकसतं. क्रोमचं नवं असताना १०० च्या आसपास टिकतं, म्हणून तर गाडीत वापरतात. पण उन्हानं थकलेलं जुनं कातडं ओलं असताना त्याच्या बरंच आधी हार मानतं, आणि ड्रायर जवळ धरला की तेवढी उष्णता सहज होते. कोरडं असतं तर कदाचित वाचलं असतं. ओल्या लेदरला वारा द्या, उष्णता नाही. कडेला आहे ना? शिवणीत दुमडून घ्या आणि कुणाला सांगू नका.

चार वेळा झालं तर आता थांबा. जास्त पाजलं की लेदर ढिलं पडतं आणि फोम-गोंद सगळं तेलकट होतं.

कुशनवाला_शहापूर | २० एप्रिल, सकाळी ७.४५

दुमडतो की मी. दोन मिनिटांचं काम. ड्रायर आता आमच्या दुकानाच्या आसपास आणायचा न्हाई मात्र.

सदाशिवनगर_९१ | २० एप्रिल, सकाळी १०.२०

सीट न काढता करणाऱ्यांनी काय करायचं? सगळ्यांना दहा दिवस सुट्टी नसते. आणि ते नीट्सफूट तेल का काय ते चालतं का? एका व्हिडिओत घोड्याच्या खोगिराला लावत होते. (हो, आमची स्विफ्ट रेक्झिनचीच निघाली. आजोबा, हसू नका. हे मेहुण्याच्या गाडीसाठी विचारतोय.)

अथणीची_लेक | २० एप्रिल, दुपारी १.०५

नीट्सफूट म्हणजे गुरांच्या पायाच्या नळीच्या हाडांतून काढलेलं तेल. खोगीर उघड्या कातड्याचं असतं, त्याला छान. फिकट रंगाच्या गाडीच्या सीटला भेगांतून आत गेलं तर तिथं काळपट डाग कायमचा, आणि बाकी वर चिकट राहतं.

सीट न काढता मऊपणा थोडाच येतो, ही खरी गोष्ट आहे. स्वच्छ करा, गाडी तासभर सकाळच्या उन्हात ठेवून सीट हाताला कोमट लागेल एवढी होऊ द्या, शिवणी आणि छिद्रांवर जास्त लक्ष देऊन पातळ कंडिशनर लावा, रात्रभर बंद गाडीत राहू द्या, सकाळी पुसा, आणि बसा. खरंच बसा, रोज. माणसाच्या बसण्या-उठण्यानं जेवढं लेदर मळलं जातं तेवढं कशानं नाही. बाबांच्या गाडीचं काय झालं, तर चार वर्षं तिच्यात कुणी बसलंच नाही.

निपाणीकर_आजोबा | २० एप्रिल, दुपारी ४.३०

मेहुण्याला सांगा, आधी उलटी करून बघ म्हणावं.

तिसरं_गेट | ४ मे, रात्री ९.४५

सीटा परवा बसल्या. एअरबॅगचा दिवा लागला नाही, शहापूरच्या काकांनी कनेक्टर जोडल्याशिवाय मला चावीच दिली नव्हती.

जे झालं ते सांगतो. मागचा बसायचा भाग जवळजवळ नव्यासारखा. पुढची डावी सीट तशीच, दुमडलेल्या कडेसकट. मला माहीत आहे म्हणून दिसतं, आईला दाखवूनही दिसलं नाही. काचेखाली नवं रेक्झिन घातलं. रंग दिवसा जुळतो, ट्यूबलाइटखाली जरा पिवळा वाटतो. तिथं मला दुसरा नमुना घ्यायला हवा होता, काकांनी उन्हात नेऊन बघायला सांगितलं होतं आणि मी कंटाळा केला.

ड्रायव्हरची उजवी कड मऊ झाली पण भेगा राहिल्या, त्या राहणारच होत्या. तिथं मागून पातळ कापडाचं अस्तर लावलं, वरून बारीक पॉलिश पेपर, लवचीक फिलर, मग पाण्याचा रंग स्पंजनं तीन हात आणि वर मॅट थर. फूटभर अंतरावरून छान दिसतं. जवळून बघितलं तर सुरकुत्या कळतात. ती कड पूर्ण नव्या लेदरची करू का असं काकांनी विचारलं होतं. एअरबॅग त्याच बाजूला आहे म्हणून तेही फारसे उत्सुक नव्हते, आणि मीही नाही म्हणालो. बाबा गाडीतून उतरताना एक हात दारावर टेकून उजवीकडं कलायचे, त्यानं पडलेली ती कड आहे.

काल आंबोलीपर्यंत जाऊन आलो. घाटात वळणावर कर्रर्र ऐकू येईल म्हणून कान लावून बसलो होतो, आला नाही. आता मागच्या काचेला जाळीचा पडदा लावलाय आणि गाडी शेडमध्ये तोंड फिरवून लावतो, म्हणजे ऊन बॉनेटवर.

एक शेवटचं. अर्धी बाटली कंडिशनर उरलंय. स्टिअरिंगचं लेदरही कोरडं वाटतंय, त्याला लावून टाकू?

अथणीची_लेक | ४ मे, रात्री १०.१०

नको. घाटात हात घसरेल. ओल्या फडक्यानं पुसा, पुरे. बाटली मेहुण्याच्या गाडीसाठी सदाशिवनगरला द्या.

सदाशिवनगर_९१ | ४ मे, रात्री १०.१८

कुठं येऊ घ्यायला? तिसऱ्या गेटलाच ना?